पहिल्या वेच्यातच नाताळ बाजूला काढा

विदर्भातल्या खेड्यात नाताळ येतो तेव्हा घरात वर्षातला सगळ्यात जास्त पैसा फिरत असतो. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचा दुसरा-तिसरा वेचा चालू असतो, मजुरांच्या हातीही वेचणीचे पैसे दर आठवड्याला येत असतात. आणि तरीही जानेवारीत तुरीच्या सोंगणीला, हरभऱ्याच्या पाण्याला, पोरांच्या परीक्षेच्या फीला पैसे उसने घ्यायची पाळी येते. चांदणी, केक, कपडे यांनी घर बुडत नाही. बुडतं ते दोन गोष्टींनी. एक, सणाला रोकड पाहिजे म्हणून घाईत विकलेला कापूस. दुसरी, २० ते २४ डिसेंबरच्या पाच दिवसांत उधारीवर केलेली खरेदी. खाली दिलेलं बहुतेक सगळं या दोन गोष्टी टाळण्यासाठीच आहे.

कापूस आणि सणाची रोकड

कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव ठरला होता. हा भाव ८ टक्के ओलाव्याला धरलेला आहे. त्याच्या वर जितका ओलावा तितकी कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. डिसेंबरमध्ये दव जास्त पडतं. सकाळी सात वाजता वेचलेला कापूस हाताला कोरडा वाटला तरी आत पाणी धरून असतो. दव उडाल्यावर, साधारण दहानंतर वेचा. आणलेला कापूस गंजी लावून न ठेवता ताडपत्रीवर पसरून दोन दिवस ऊन द्या, दुपारी एकदा पालटा.

केंद्रावर विकलेल्या कापसाचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात, त्याच दिवशी हातात पडत नाहीत. म्हणून ज्या कापसावर नाताळ करायचा तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत विकून मोकळं व्हायला पाहिजे. हे राहून जातं आणि मग २० तारखेला दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात माल जातो. समजा त्याने क्विंटलला ५०० रुपये कमी दिले आणि तुम्ही पाच क्विंटल घातला, तर अडीच हजार गेले. बहुतेक घरांचा फराळाचा आणि केकचा मिळून खर्च तेवढाच असतो. वजनात कट्टी (मालाची कापणी) धरली असेल तर आणखी गेले.

रोकड अडलीच असेल तर सगळा कापूस काढू नका. लागतील तेवढेच पैसे मोजा, तेवढ्याच क्विंटलचा सौदा करा, बाकीची गंजी राहू द्या.

पैसे बाजूला काढायची वेळ पहिल्या वेच्याची. दिवाळीच्या मागेपुढे पहिल्या वेच्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हाती आली की त्यातूनच नाताळची रक्कम काढायची. ती वेगळ्या खात्यात ठेवा, किंवा घरातल्या ज्या बाईच्या हातून पैसा सुटत नाही तिच्याकडे द्या. पाच माणसांच्या घराचा नमुना असा धरा: कपडे ४,०००, फराळ आणि केक २,२००, सणाचं जेवण २,०००, प्रवास १,५००, मंडळीची (चर्चची) वर्गणी आणि दान १,०००, नव्या वर्षाचा दिवस १,०००, चांदणी आणि सजावट ३००. एकूण १२,०००. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला, पण नव्या वर्षाचा रकाना काढून टाकू नका. ३१ डिसेंबरची रात्रीची उपासना आणि १ जानेवारीचं जेवण हे दोन्ही नाताळचेच खर्च आहेत. २५ तारखेला पाकीट रिकामं झालं की तेच दोन दिवस उधारीत जातात.

ज्यांच्याकडे शेत नाही, वेचणीच्या मजुरीवर घर चालतं, त्यांना एकरकमी काढता येत नाही. त्यांनी आठवडी बाजाराचा दिवस धरावा. दिवाळीआधीपासून दहा बाजार मोजा, दर बाजाराला किराणा घ्यायच्या आधी ३०० रुपये बाजूला. आधी, नंतर नाही. बाजारातून उरलेले पैसे बाजूला काढू म्हटलं तर काहीच उरत नाही.

पुढच्या वर्षाची सोय या डिसेंबरच्या सुरुवातीलाच लागते. बँकेत १२ महिन्यांची आवर्त ठेव उघडली, महिन्याला ५०० टाकले, तर नाताळच्या तोंडावर ६,००० आणि वरचं व्याज मिळतं. पोस्टाची आवर्त ठेव यासाठी घेऊ नका. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. मंडळीतल्या बाया भिशी लावत असतील तर डिसेंबरची पाळी प्रत्येकीलाच हवी असते आणि तिथे रुसवेफुगवे होतात. त्यापेक्षा पाळीच ठेवू नका. दहा-बारा जणींनी दर महिन्याला बचतगटासारखं दोघींच्या सहीच्या खात्यात भरायचं, आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी आपापलं काढायचं. मधल्या काळात त्यातून कर्ज द्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून सह्या घ्या.

सावकाराच्या पैशावर नाताळ करू नका, हे कळकळीनं सांगावं लागतं. शेकडा पाचने घेतलेल्या १०,००० ला महिन्याला ५०० व्याज लागतं. पुढच्या दिवाळीपर्यंत मुद्दल तसंच राहतं आणि व्याजात पाच हजार गेलेले असतात. गटाचं कर्ज शेकडा दोनने मिळत असलं तरी तेसुद्धा वर्षाला २४ टक्के झालं. पीककर्जाला हात लावला तर मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही हातची जाते.

किराणा कधी आणि कसा

किराण्याची मुदत १० डिसेंबर. त्याच्या पुढे गेलात की दुकानदाराकडे माल असतो, पण तुमच्याकडे भाव विचारत फिरायला वेळ नसतो. आळीतल्या आठ-दहा घरांनी एकत्र यादी करून तालुक्याच्या ठोक दुकानातून आणलं तर फरक पडतो. साखरेचं ५० किलोचं पोतं, मैद्याचं पोतं, तेलाचा डबा. वाटप करायला वजनकाटा एकाच घरी ठेवा आणि पोतं फोडायच्या वेळी दोन घरची माणसं हजर असू द्या. वजनावरून झालेली कुरबूर पुढच्या वर्षीची एकत्र खरेदी मोडते.

तेलाचा डबा घेताना एक गोष्ट नीट वाचा. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा सारखा नसतो. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपासच तेल असतं. दोन दुकानांत भाव वेगळा दिसला की आधी हे बघा. पिशव्यांचंही तसंच, सगळ्या पिशव्या लिटरच्या दिसतात पण वर छापलेलं वजन कमी-जास्त असतं. रुपयांना ग्रॅमने भागून तुलना करा.

गरम मसाला, तीळ, जवस, फल्लीदाणे (शेंगदाणे), गूळ हे बाजारात सुटे घ्या. बेकिंग पावडर, इसेन्स, रंग मात्र बंद पाकिटातले, छोटे. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतलेली बेकिंग पावडर पुढच्या नाताळापर्यंत मेलेली असते आणि तिच्यामुळे चार अंडी वाया जातात.

फराळ: एक घर, एक पदार्थ

प्रत्येक घरी पाच पदार्थ आणि प्रत्येक पदार्थ एक-एक किलो, ही पद्धत सगळ्यात महाग आहे. तळणीला कढईत निदान दीड लिटर तेल घालावंच लागतं, पदार्थ एक किलो असो की पाच. पाच घरांत पाच कढया तापल्या की शेवटी प्रत्येक घरी काळपट तेल उरतं, आणि ते पुन्हा-पुन्हा तापवून भाजीत घालणं तब्येतीला चांगलं नाही. पाच घरांनी पाच पदार्थ वाटून घ्यावेत. एकीने पाच किलोचे शंकरपाळे, दुसरीने शेव, तिसरीने चिवडा, चौथीने करंज्या, पाचवीने तीळ-फल्लीचे लाडू. शेवटी मोजून अदलाबदल. करंज्या करणारीला मेहनत जास्त आहे, तर तिला लाटायला दोन बाया द्या किंवा तिचं सामान बाकीच्यांनी भरा. चुलीवर तळत असाल तर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) वापरू नका, त्या भडकतात आणि तेलाचा ताप एकसारखा राहत नाही. जाड लाकडाचे निखारे बरे.

शंकरपाळ्यांचं प्रमाण: मैदा १ किलो, साखर ३५० ग्रॅम, दूध-पाणी मिळून ३०० मिली, मोहन २०० मिली. साखर कोमट दूध-पाण्यात पूर्ण विरघळली पाहिजे. खडा राहिला तर तळताना तिथे काळा डाग पडतो आणि पदार्थ कढईला चिकटतो. मोहन कडकडीत करून मैद्यात घाला. जास्त खुसखुशीत होतील म्हणून मोहन वाढवलं तर शंकरपाळे तेलात फुटतात आणि तेल पितात. मऊ पडले तर आच मोठी होती: बाहेरून रंग आला, आतून कच्चे राहिले. मध्यम-मंद आचेवर एका घाण्याला सात-आठ मिनिटं लागतात. तेल वाचवायला एवढी एकच गोष्ट सांभाळली तरी पुरे.

चिवडा पातळ पोह्यांचा न करता मुरमुरे आणि भाजके पोहे अर्धे-अर्धे घेऊन करा. १ किलोला २०० मिली तेलाची फोडणी, २०० ग्रॅम फल्लीदाणे, १५० ग्रॅम डाळवं, लसूण, कढीपत्ता. काजू-मनुका घालायच्या असतील तर वाढताना वरून घाला, डब्यात मिसळू नका. डब्यातल्या मनुका ओल सोडतात आणि चिवडा सादळतो.

केक, संत्र्याच्या सालीसकट

बेकरीतला केक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महाग आणि शिळा, दोन्ही असतो. घरी करायला ओव्हन लागत नाही. आणि आपल्याकडे एक मोठी सोय आहे: संत्र्याचा आंबिया बहार याच सुमाराला तोडीला असतो. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात तर आकाराने लहान म्हणून व्यापाऱ्याने बाजूला काढलेली फळं टोपल्याच्या भावात मिळतात. टुटीफ्रुटी विकत आणू नका, साल पाकवा.

सहा-सात संत्री मिठाच्या कोमट पाण्यात चांगली चोळून धुवा, सालीवर फवारणीचं औषध असतं. साली सोला, आतले पांढरे धागे चमच्याने खरवडा. साल बोटाच्या पेरापेक्षा बारीक चिरा. भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात पुन्हा पाच मिनिटं. हे दुसरं उकळणं टाळलं तर केक कडू होतो, आणि तो कडूपणा साखर वाढवून जात नाही. आता सालीच्या वजनाइतकी साखर, त्याच्या निम्मं पाणी आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा. साल काचेसारखी पारदर्शक दिसायला लागली आणि पाक बोटाला चिकटला की उतरवा. लिंबू नसेल तर पाक गार झाल्यावर साखर धरते. ताटात पसरून, वरून पातळ फडकं घालून एक दिवस सावलीत ठेवा. मुंग्यांसाठी ताट पाण्याच्या परातीत ठेवायला विसरू नका. उरलेला पाक केकमध्येच जातो.

केकचं सामान: मैदा २५० ग्रॅम, दळलेली साखर २०० ग्रॅम, तेल १५० मिली, अंडी ४, बेकिंग पावडर सपाट २ चमचे, संत्र्याचा रस किंवा सालीचा पाक ६० मिली, पाकवलेली साल १०० ग्रॅम, काळ्या मनुका ५० ग्रॅम, दालचिनी-जायफळाची पूड अर्धा चमचा. तयार केक साधारण ९०० ग्रॅम भरतो. तेल बिनवासाचं घ्या. फल्लीचं कच्चं घाणीचं तेल घातलं तर केकला त्याचाच वास येतो.

बेकिंग पावडर आधी तपासा. गरम पाण्यात अर्धा चमचा टाका, जोरात फसफसली तर चांगली. मैदा आणि पावडर दोनदा चाळा. अंडी आणि साखर रवीने दहा मिनिटं तरी घुसळा, रंग फिका होऊन फेस जड झाला पाहिजे. मग तेलाची धार धरा, रस घाला, आणि मैदा तीन वेळा करून हलक्या हाताने मिसळा. मैदा पडल्यावर घुसळत बसलात तर केक रबरासारखा होतो. साल आणि मनुका एक चमचा कोरड्या मैद्यात घोळवून शेवटी टाका, नाहीतर सगळ्या तळाला जाऊन बसतात.

जाड बुडाच्या ॲल्युमिनियमच्या गंजात (पातेल्यात) दोन इंच कोरडी, चाळलेली वाळू घाला. वर एक छोटी रिंग किंवा वाटी पालथी. झाकण ठेवून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. डब्याला तेल लावून तळाला कागद घाला, पीठ निम्म्यापेक्षा थोडं वर भरेल इतकंच ओता. डबा ठेवून आच कमी करा. पन्नास मिनिटं ते एक तास लागतो. पहिली पस्तीस मिनिटं झाकण अजिबात उघडायचं नाही. वाफ गेली की मध्य खाली बसतो तो पुन्हा वर येत नाही. कुकरमध्ये करत असाल तर शिटी आणि रबर दोन्ही काढा, पाणी घालू नका. तळ करपत असेल तर वाळू कमी पडली आहे. वरून फिका राहिला तर शेवटची पाच मिनिटं झाकणावर चार निखारे ठेवा. काडी घालून कोरडी निघाली की उतरवा, पूर्ण गार झाल्यावरच काढा. डिसेंबरच्या थंडीत बंद डब्यात आठवडाभर राहतो, म्हणून २० ते २२ तारखेच्या दरम्यान करणं सोयीचं.

मोठ्या कुटुंबाला आणखी एक वाट आहे. तालुक्याच्या काही भट्ट्यांवर आपलं सामान नेलं तर नानकटाई आणि केक भाजून देतात. भाजणावळ आधी ठरवा, आपल्या डब्यांवर रंगाने खूण करा आणि १८ तारखेच्या आत नंबर लावा.

चांदणी घरी करा

ही सगळ्यात सोपी बचत आहे आणि पोरांना ती आवडते. बाजारातली प्लॅस्टिकची चांदणी एका हंगामात कोपऱ्यातून फाटते. बांबूचा सांगाडा पाच-सात वर्षं जातो, दर वर्षी फक्त कागद बदलायचा.

बुरडाकडून दोन फूट लांब, एक सेंटिमीटर रुंद अशा १० कामट्या आणि १२ सेंटिमीटरच्या ५ काड्या करून घ्या. ओला बांबू असेल तर कामट्या तीन दिवस सावलीत वाळवा. ओल्यावरच कागद लावला तर बांबू आकसून कागद सैल पडतो, आणि पहिल्या दवातच लोंबायला लागतो. जमिनीवर खडूने पाच टोकं काढा आणि टोकांना १ ते ५ आकडे द्या. पहिली कामटी १ वरून ३ ला, दुसरी ३ वरून ५ ला, मग ५ वरून २, २ वरून ४, ४ वरून १. टोकं सुताने आधी सैल बांधा. पाचही टोकं बसली, अंतरं सारखी झाली, की मग घट्ट करा. पहिलीच गाठ करकचून बांधली की चांदणी एका अंगाला झुकते. अशा दोन चांदण्या करा, एकमेकींवर ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. आता मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी छोट्या काड्या उभ्या खोचा. चांदणी पोट काढते आणि ताठ होते.

खळ दोन चमचे मैदा एक कप पाण्यात शिजवून करा. पतंगी कागदाचे चार ताव पुरतात. मागच्या बाजूचा एक त्रिकोण उघडा ठेवा, दिवा तिथून आत जातो आणि हवाही खेळते. दिवा एलईडीच लावा, ७ वॅटचा भरपूर होतो. जुना ६० वॅटचा दिवा कागद भाजतो आणि बिलही वाढवतो: रोज दहा तास, १ डिसेंबर ते १ जानेवारी ३२ रात्री धरल्या तर १९ युनिटच्या वर जातात, एलईडीला सव्वादोन युनिट. ज्या घराचं बिल शंभर युनिटच्या काठावर असतं तिथे हे १७ युनिट वरच्या दराने लागतात. तारेवर आकडा टाकून चांदणी लावू नका. ती विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली वीजचोरी आहे, आणि दवात भिजलेल्या तारेने सणाच्या रात्री जीव जातो.

झाडासाठी दुकानात जाऊ नका. वाळलेली, फांद्यांची भरदार पऱ्हाटी (कापसाचं झाड) कुंडीत वाळू भरून उभी केली, तिच्या बोंडांच्या रिकाम्या टरफलांना चुना किंवा चंदेरी रंग दिला, फांद्यांवर थोडा कापूस पसरला, की विदर्भाचं स्वतःचं नाताळचं झाड तयार होतं. किडकी बोंडं मात्र आधी तोडून जाळा. त्यात गुलाबी बोंडअळी दडून असते आणि घरातून पुढच्या हंगामाच्या शेतात जाते. नवं वर्ष झालं की ती पऱ्हाटीही जाळून टाका. कापसाजवळ मेणबत्ती ठेवायची नाही, हे पोरांना पक्कं सांगा.

येशूजन्माच्या गव्हाणीसाठी तुराट्यांचा गोठा, वर तणस (भाताचा पेंढा), खाली कुटार (भुसा). आणि बैल? तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल प्रत्येक घरी माळ्यावर पडलेला असतो. तो खाली काढा.

सणाचं जेवण

मटणाचा भाव २४ तारखेला विचारायचा नसतो. आठ घरांनी मिळून नोव्हेंबरच्या शेवटी बकरा घ्यावा. गावातच पाळलेला असला तर त्याची तब्येत सगळ्यांना माहीत असते. आपल्याकडची बेरारी जात तुरीच्या कुटारावर आणि पाल्यावर चांगली भरते, महिनाभर पाळायला वेगळा खर्च येत नाही. जिवंत २० किलोच्या बकऱ्याचं हाडांसकट ९ ते १० किलो मटण निघतं, म्हणजे घराला सव्वा किलोच्या आसपास वाटा. हिशेब जिवंत वजनावर करू नका, फसगत तिथेच होते. मुंडी-पाये ज्याला हवे त्याने वेगळे पैसे भरून घ्यावेत आणि ती रक्कम सगळ्यांच्या हिशेबातून वजा व्हावी.

सव्वा किलोत दहा पाहुणे जेवतात, जर रस्सा वऱ्हाडी असेल: भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस, आणि दाटपणाला भाजलेल्या डाळव्याची पूड. बाजूला सोलेभात करा. डिसेंबरात तुरीच्या शेंगा ओल्या असतात, सोले घरचेच. आणि भरीत. वांगी, लसणाची पात, हिरवी मिरची, सांबार (कोथिंबीर) या दिवसांत सगळ्यात स्वस्त असतात, त्यांचं ताट भरलेलं दिसतं आणि ते खरंच चवीचं असतं. पाहुण्यांना हॉटेलची बिर्याणी आणणं हा आपल्या भागात अलीकडे शिरलेला खर्च आहे. ओल्या तुरीच्या दिवसांत त्याची काहीच गरज नाही.

मंडळीचं प्रीतिभोजन असेल तर वर्गणी पैशात न मागता धान्यात मागा. १०० माणसांना तांदूळ १० किलो, तुरीची डाळ ४ किलो, वांगी-आलू मिळून १२ किलो, चिकन ठेवायचं तर साफ केलेलं १५ किलो. डोकी मोजताना दहा वर्षांखालची पोरं अर्धी धरा. हे विसरल्यामुळेच दर वर्षी टोपलंभर भात उरतो. ताटं पळसाच्या पत्रावळीची, द्रोणही पळसाचे. जंगलाच्या काठच्या गावातून थेट घेतल्या तर करणाऱ्या बायांच्या हाती पूर्ण पैसा पडतो.

घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींसाठी प्रत्येक घरी चहा-बिस्किटं असतातच. पंचवीस माणसांना दोन लिटर चहा लागतो, त्यात एक लिटर दूध. चाळीस घरं म्हणजे चाळीस लिटर दूध. पाळकसाहेबांशी बोलून आळीला एक घर चहाचं ठरवा आणि आळीतल्या बाकीच्यांनी त्या घरी दूध-साखर पोचती करावी. गाणाऱ्यांचंही पोट बिघडत नाही.

कपडे, प्रवास, भेटी

कपडे दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांत घ्या. दुकानदाराला उरलेला माल काढायचा असतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की भाव आणि शिंप्याची शिलाई दोन्ही चढतात. शिवायचं कापड ३० नोव्हेंबरच्या आत शिंप्याकडे पोचलं पाहिजे.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मुलांना ऑक्टोबरमध्येच फोन करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २३ डिसेंबरची गाडी असेल तर २४ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता. ते चुकलं की ट्रॅव्हल्सच्या दारात जावं लागतं. तिथेही एसटीच्या तशाच गाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही, असं राज्य शासनाने २०१८ मध्ये ठरवलेलं आहे. पावती मागा. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरायला एसटीच: बायांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. आजीआजोबांचं आधार कार्ड सोबत ठेवा.

भेटवस्तू सगळ्यांनी सगळ्यांना द्यायच्या नाहीत. घरातल्या नावांच्या चिठ्ठ्या टाका, एकाने एकालाच द्यायची, आणि रकमेची हद्द आधी सांगायची. शहरात परत जाणाऱ्यांना संत्र्याची चुंगडी (पोतं), घरची तूरडाळ आणि पाकवलेल्या सालीची बरणी द्या.

२६ तारखेला सकाळी, पाहुणे असतानाच, उरलेला केक वाटून संपवा आणि फराळ दोन डब्यांत वाटा. एक डबा बंद करून १ जानेवारीसाठी वर ठेवा. त्याच दिवशी किती सामान उरलं, काय कमी पडलं ते भाव घालून वहीत उतरवा. चांदणीवरचा कागद फाडून सांगाडा माळ्यावर टांगा, जमिनीवर ठेवला तर वाळवी लागते.